एन्झीवर ऐसपैस

दुपार कलते तसं व्हिएन्नाच्या म्युझियम्स क्वार्टियरचं मोठं अंगण भरू लागतं. आत शिरलं की डावीकडे लिओपोल्ड म्युझियमचा पांढऱ्या चुनखडीचा ठोकळा, उजवीकडे मुमोक संग्रहालयाचा काळपट बसाल्टचा. आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड, त्यामुळे नजर तिथे जरा जास्त रेंगाळते. पाठीमागे लांबच लांब बारोक इमारत. १८व्या शतकात हे सम्राटाचे तबेले होते. एवढ्या भारदस्त भिंतींच्या मधे एन्झी नावाच्या पिवळ्याजर्द बैठका पसरल्यात, आणि त्यांच्यावर माणसं खुशाल लवंडलीत.

मी एकीभोवती फिरून बघते. बाक म्हणावा तर पुढची बाजू कुठली नि पाठ कुठली, कळत नाही. दोन्ही टोकं उंच, मधे खोलगट, आतल्या बाजू उतरत्या. बोटांनी वाजवली की पोकळ आवाज येतो. कडांवर बुटांचे ओरखडे. खोलगट भागात एक मुलगी उताराला पाठ टेकून वाचतेय. त्याच एन्झीच्या टोकावर एक आजोबा सँडविचचा कागद सोडतायत. दोघांची ओळख दिसत नाही. पलीकडे एक पोरगा वर चढतो, घसरतो, लगेच पुन्हा चढतो.

पीपीएजी या वास्तुरचना कार्यालयाच्या आना पोपेल्का आणि गेओर्ग पोडुश्का यांनी २००२ साली एन्झी घडवली. उन्हाळ्यात अंगणभर पसरायची, हिवाळ्यात एकावर एक रचून बर्फघरासारखे मंडप उभे करायचे, ही मूळ कल्पना. पहिल्या एन्झी कडक फोमच्या होत्या, आताच्या प्लास्टिकच्या. नाव मिळालं ते तेव्हा इथल्या व्यवस्थापनात असलेल्या डॅनिएला एन्झी यांच्यावरून. रंग बदलत आलाय आणि तो ठरवताना लोकांचीही मतं घेतली गेलीत.

मला भावतं ते असं, की कसं बसायचं हे एन्झी कुणाला सांगत नाही. कितीतरी शहरांत बाकाच्या मधोमध लोखंडी दांडे ठोकतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. शेजारच्या कॅफेत टेकायचं तर निदान एक कॉफी मागवावी लागते. इथे भर चौकात, दाम न मोजता, आकाशाकडे तोंड करून पडता येतं. शहराने आपल्या माणसांना यापेक्षा मोठा मान काय द्यावा?

संध्याकाळ होते. संग्रहालयातून लोक बाहेर पडतात, काहींच्या हातात चित्रांच्या गुंडाळ्या. घरची वाट धरायची सोडून रिकामी एन्झी शोधत फिरतात. एक बाई माझ्याजवळ थांबते, "इथे जागा आहे का?" मी पाय आवरते. ती चपला काढते, पिशवी उशाला घेते आणि हात हलवून लांब उभ्या नवऱ्यालाही बोलावते. मी आणखी थोडी सरकते.