सांध्यातील हाडाची वाढ : कारणे आणि गैरसमज

पुण्याच्या नारायण पेठेत जे थोडे जुने वाडे आज शिल्लक आहेत, त्यांचे लाकडी जिने अरुंद आणि चढे आहेत. असा जिना उतरताना गुडघ्यातून कळ आली की उतारवयातील अनेकांना सांध्याच्या झिजेची पहिली जाणीव होते. पुढे क्ष-किरण चित्रात हाडाच्या कडेला टोकदार वाढ दिसते आणि ‘गुडघ्यात हाड वाढले’ असे घरात म्हटले जाते. मग दूध बंद करण्याचे, वाढलेले हाड विरघळविणारे औषध घेण्याचे सल्ले मिळू लागतात. ही वाढ कशी होते हे समजून घेतल्यास अशा सल्ल्यांतील फोलपणा ध्यानात येईल.

वाढ कशी होते?

सांध्यात एकत्र येणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. त्यामुळे तिची झालेली हानी सहजासहजी भरून येत नाही. वाढते वय, स्थूलता, जुनी दुखापत, आनुवंशिकता आदी कारणांनी ती झिजते. यालाच अस्थिसंधिवात म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता. त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या.

कूर्चा झिजत असता शरीर स्वस्थ बसत नाही. कूर्चा, हाडावरील पातळ आवरण आणि सांध्याचे अस्तर जेथे एकत्र येतात, त्या कडेला नव्या ऊती निर्माण करू शकणाऱ्या पेशी असतात. विषम भार आणि दाह यांमुळे सांध्यात काही वृद्धिकारक द्रव्ये वाढतात. ‘टीजीएफ-बीटा’ हे त्यांपैकी प्रमुख होय. प्रयोगशाळेत उंदरांच्या गुडघ्यात हे द्रव्य टोचले असता अशीच वाढ झाल्याचे आढळून आले आहे. या द्रव्यांच्या प्रेरणेने कडेच्या पेशी प्रथम नवी कूर्चा तयार करतात. कालांतराने तीत रक्तवाहिन्या शिरतात आणि तिचे हाडात रूपांतर होते. गर्भावस्थेत हातापायांची लांब हाडे ज्या क्रमाने घडतात, तोच हा क्रम आहे.

या वाढीमुळे सांध्याची बैठक रुंदावते आणि डळमळता सांधा काहीसा स्थिर होतो. म्हणजेच ही वाढ मूळ रोग नसून झिजेला शरीराने दिलेले उत्तर आहे. मात्र ती फार वाढल्यास सांध्याची हालचाल मर्यादित होते. पाठीच्या कण्यात ती मज्जातंतूवर दाब आणू शकते.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज कॅल्शियमचा. ही वाढ आहारातील कॅल्शियम साचून होत नाही. दूध किंवा नाचणी वर्ज्य केल्याने ती थांबत नाही; उलट, विशेषतः वृद्ध स्त्रियांची हाडे अधिक ठिसूळ होण्याचा धोका असतो.

दुसरा गैरसमज क्ष-किरण चित्राचा. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणीपद्धतीत हाडाच्या वाढीस महत्त्वाचे स्थान आहे. परंतु चित्रातील वाढ आणि रुग्णाची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. मोठी वाढ असूनही काहीजण विनासायास चालतात, तर अल्प वाढ असूनही काहींना असह्य वेदना होतात.

उपाय कोणता?

वाढलेले हाड विरघळविणारे औषध, तेल अथवा लेप सिद्ध झालेला नाही. तेव्हा लक्ष वाढीकडे न देता सांध्याकडे द्यावे. स्थूल व्यक्तीचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे अभ्यासात आढळले आहे. मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी आणि उकिडवे बसणे टाळणे, हे उपायही उपयुक्त ठरतात. अखेरच्या अवस्थेत सांधेरोपण करता येते. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली.

शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपर्यंत पोहोचवावी. कार्यालयांच्या जिन्यांस कठडे, प्रतीक्षेच्या जागी पुरेशा उंचीची बाके आणि शौचालयात बसण्याची व उठताना आधाराची सोय एवढे केले, तरी अनेक वृद्धांचे हिंडणेफिरणे सुकर होईल.