यंत्रवाहनमुक्त हिमक्षेत्रे

यंत्रवाहनमुक्त हिमक्षेत्रे : हिवाळ्यात बर्फाच्छादित होणाऱ्या व लोकवस्तीपासून दूर असलेल्या डोंगराळ किंवा अरण्यमय प्रदेशांपैकी ज्या भागांत मोटारचालित वाहनांना मज्जाव असतो आणि स्कीवरून अथवा रुंद जाळीदार हिमपादत्राणे बांधून केवळ अंगबळावर हिंडण्याची मुभा असते, असे राखीव भाग. अशा क्षेत्रांची गरज प्रामुख्याने उत्तर अमेरिका, आल्प्स पर्वतातील देश व स्कँडिनेव्हिया येथे भासू लागली. तिचे मूळ स्नोमोबाईल या वाहनाच्या प्रसारात आहे.

बर्फावरून धावणारे हलके वाहन बनविण्याचे प्रयत्न जुने असले, तरी त्याला आजचे रूप १९५० नंतरच्या दशकात आले. मिनेसोटातील पोलारिस कंपनीची यंत्रे त्या दशकाच्या मध्यास आणि क्वीबेकमधील बाँबार्डियर यांची ‘स्की-डू’ १९५९ मध्ये निघाली. फासेपारधी, धर्मप्रसारक व दुर्गम वाड्यांतील रहिवासी यांना हे वाहन वरदान ठरले. कुत्र्यांच्या घसरगाड्या त्यामुळे मागे पडल्या. पुढे मौजेचे साधन म्हणूनच त्याचा खप वाढला. प्रारंभीची यंत्रे खोल, भुसभुशीत बर्फात रुतत असल्याने ती दाबून सपाट केलेल्या वाटांवरच धावत. १९९० नंतर लांब पट्ट्याची व अधिक शक्तीची यंत्रे आली आणि उभे उतार चढून थेट शिखराखालच्या खोऱ्यांत पोहोचू लागली. स्कीपटू व यंत्रचालक यांच्यातील खरा संघर्ष येथून तीव्र झाला.

उन्हाळ्यात खडक, झुडपे, ओढे व दाट रान ही वाहनांना आपोआप रस्त्यावर ठेवतात. दोन-तीन मीटर बर्फ पडला की हे सर्व अडथळे गाडले जातात आणि सारा डोंगर वाहनाला मोकळा होतो. शिवाय वसंतात बर्फ वितळले की चाकोऱ्याही नाहीशा होतात. त्यामुळे नुकसान झालेच नाही, असा समज दीर्घकाळ टिकला. वस्तुतः दोन्ही रंजनप्रकार एका जागी नांदू शकत नाहीत, याचे कारण त्यांच्या व्याप्तीत आहे. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून (पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत) चढणारा मनुष्य तासाला सु. ३००–४०० मी. उंची गाठतो व दिवसाकाठी एखादेच खोरे पाहतो. स्नोमोबाईल तेवढ्याच वेळात शंभराहून अधिक किमी. फिरते. ज्या अस्पर्शित बर्फासाठी स्कीपटू पहाटे निघतो, तो उतार दोन-तीन यंत्रे अर्ध्या तासात नांगरून टाकू शकतात. यंत्रचालकाला स्कीपटूचा उपद्रव सहसा होत नाही. स्कीपटूला मात्र एका यंत्राचाही होतो. ‘सर्वांना सर्वत्र मुभा’ हे तत्त्व दिसावयास समान असले, तरी त्याचा परिणाम म्हणून एक पक्ष निघून जातो, आणि मग तेथे कोणाची तक्रारच नाही, असे नोंदले जाते.

ध्वनीचे वर्तनही हिवाळ्यात वेगळे असते. ताज्या बर्फातील हवेच्या पोकळ्या आवाज शोषून घेतात. हिमवृष्टीनंतरची विलक्षण शांतता ती हीच. परंतु निरभ्र, थंड सकाळी दरीच्या तळाशी गार हवा साचते व तीवर उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी ध्वनिलहरी वर न जाता पुन्हा जमिनीकडे वळतात आणि इंजिनाचा आवाज कित्येक किमी. ऐकू येतो. जुन्या द्विधाव इंजिनांतून न जळलेले इंधनही मोठ्या प्रमाणात बाहेर पडे व बर्फात मिसळे. नव्या चतुर्धाव यंत्रांनी हा दोष पुष्कळ कमी केला आहे.

वन्य प्राण्यांच्या दृष्टीने हिवाळा हा काटकसरीचा काळ. खोल बर्फाखाली जमिनीलगतचे तापमान ०° से. च्या आसपास टिकते व तेथील पोकळीत लहान उंदीरवर्गीय प्राणी आणि चिचुंद्र्या हिवाळा काढतात. बर्फ दबला की त्याची ऊबरोधक शक्ती घटते व ही पोकळीही मोडते. वुल्व्हरीनची मादी खोल बर्फातच विवर करून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास विते. आयडाहो, वायोमिंग व मॉंटॅना राज्यांत केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा प्राणी यंत्रवाहने व स्कीपटू या दोहोंचा वावर असलेल्या जागा टाळतो, असे आढळले. स्वित्झर्लंडमधील काळा ग्राऊझ हा पक्षी हिवाळ्यातील बहुतेक वेळ बर्फात खणलेल्या बिळात घालवितो. स्कीपटूंमुळे तो बिळातून उडाला की त्याच्या विष्ठेत ताणदर्शक संप्रेरकांचे अंश वाढतात. तेव्हा निःशब्द रंजन म्हणजे निरुपद्रवी रंजन, असा दावा करता येत नाही. स्कीप्रेमींच्या प्रचारात ही गोष्ट बहुधा झाकली जाते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ च्या रानभूमी अधिनियमाने घोषित क्षेत्रांत मोटारवाहनांना बंदी केली. तथापि राष्ट्रीय जंगलांच्या भूमीपैकी एक-पंचमांशाहून थोडी कमी भूमीच या संरक्षणात येते आणि तीही बव्हंशी हिवाळ्यात उघड्या राहणाऱ्या रस्त्यांपासून दूर असते. पायी जाणाऱ्याला जी जागा हवी ती रस्ता जेथे संपतो तेथून एका दिवसात जाऊन येण्याजोगी असावी लागते. यंत्रेही नेमकी तेथेच उतरविली जातात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ८ फेब्रुवारी १९७२ रोजी काढलेल्या आदेशाने (क्र. ११६४४) रस्त्याबाहेर धावणाऱ्या वाहनांसाठी क्षेत्रे व वाटा ठरवून देण्याचे, तसेच मृदा, वनस्पती, वन्य प्राणी व इतर रंजनेच्छू यांना होणारा उपद्रव किमान ठेवण्याचे बंधन शासकीय खात्यांवर घातले. त्यात स्नोमोबाईलचा स्पष्ट समावेश होता. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो आदेश अधिक कडक केला. असे असूनही वनसेवेने २००५ मध्ये केलेल्या नियमांत चाकांच्या वाहनांना नेमून दिलेल्या वाटा सक्तीच्या केल्या, परंतु बर्फावरील वाहनांचे नियमन ऐच्छिक ठेवले. म्हणजे उन्हाळ्यात परवानगी नसेल तर बंदी, आणि हिवाळ्यात बंदी नसेल तर परवानगी, असा उलटा न्याय झाला. ‘विंटर वाइल्डलँड्स अलायन्स’ या आयडाहोतील संस्थेने याविरुद्ध दावा केला. २९ मार्च २०१३ रोजी आयडाहोतील संघीय न्यायालयाने ही सूट १९७२ च्या आदेशाशी विसंगत ठरविली. त्यानुसार जानेवारी २०१५ मध्ये नवा नियम आला : पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय जंगलात यंत्रांसाठी क्षेत्रे व वाटा नकाशावर दाखवावयाच्या, नकाशावर नसेल तेथे यंत्र नेता येणार नाही. कॅलिफोर्नियातील लॅसेन, टाहो, स्टॅनिस्लॉस इ. जंगलांत हे काम प्रथम हाती घेण्यात आले. एकंदर प्रगती मात्र संथ आहे.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात यंत्रे पूर्वीपासून रस्त्यांपुरतीच मर्यादित होती, तरी वाद तेथेच सर्वांत गाजला. २००० मध्ये त्यांना टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. पुढे शासन बदलले आणि निरनिराळ्या न्यायालयांनी परस्परविरोधी आदेश दिले. अखेर २०१३ च्या नियमाने बर्फवाहनांच्या दिवसाला जास्तीत जास्त ११० फेऱ्या ठरविल्या आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा पाळणाऱ्या यंत्रांनाच मुभा ठेवली.

यूरोपात कल वेगळा आहे. नॉर्वेने १९७७ च्या अधिनियमाने रानातील मोटारवाहतूक मुळातच निषिद्ध ठरवून रेनडिअरपालन, बचावकार्य इ. कामांना सूट दिली. केवळ मौजेसाठीच्या वाटा आखण्याचा अधिकार नगरपालिकांना २०१५ मध्ये मिळाला. फ्रान्समध्ये १९८५ च्या पर्वतविषयक कायद्याने स्कीपटूंना मौजेसाठी विमानाने किंवा हेलिकॉप्टरने डोंगरावर उतरविण्यास बंदी झाली. स्वित्झर्लंडमधील ‘वन्य प्राणी विश्रांतिक्षेत्रां’त हिवाळ्यात पायी जाणाऱ्यांवरही निर्बंध असतात, या क्षेत्रांना २०१२ मध्ये संघीय शिकार-नियमांत आधार मिळाला. भारतात गुलमर्ग व सोलांग येथे पर्यटकांना स्नोमोबाईलवरून फिरवितात. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली नियंत्रित आहे.

यंत्रचालकांची बाजूही दुर्लक्षणीय नाही. हिवाळ्यात अनेक लहान गावांचा चरितार्थ त्यांच्यावर चालतो. वृद्ध व अपंग यांना हिमशिखरे दाखविणारे दुसरे साधन क्वचितच असते. अलास्कातील स्थानिक रहिवाशांच्या परंपरागत उपजीविकेसाठी यंत्रांचा वापर १९८० च्या अधिनियमाने मान्य केला आहे. क्षेत्रविभागणी हा त्यांतल्या त्यात व्यवहार्य उपाय दिसतो. कोलोरॅडोतील व्हेल खिंडीजवळच्या सु. २२,००० हेक्टर क्षेत्रात काही भाग यंत्रांना, काही केवळ स्कीपटूंना, तर काही स्कीपटूंना यंत्रावरून वर पोहोचविण्यापुरते खुले आहेत. सीमा कड्याने, नदीने किंवा रस्त्याने आखलेली असली की ती पाळली जाते. केवळ कागदावर ओढलेली रेषा हिमवादळात कोणालाच दिसत नाही.

अलीकडे हवामान उष्ण होत असल्याने कमी उंचीच्या उतारांवर बर्फ उशिरा पडतो व लवकर वितळतो. परिणामी यंत्रचालक व स्कीपटू दोघेही अधिक उंचीवरील त्याच थोड्या खोऱ्यांकडे वळत आहेत, आणि वुल्व्हरीनच्या विणीच्या जागाही तेथेच आहेत.