परीक्षणातले दोष, अल्बममधले फोटो

कॅमेरा घ्यायचा ठरला की आधी इंटरनेटवर त्याचं परीक्षण शोधायचं, ही सवय आपल्याकडे फार तर वीस-बावीस वर्षांची. १९९८च्या डिसेंबरात लंडनमध्ये फिल आस्की यांनी डीपीरिव्ह्यू हे कॅमेरा-परीक्षणांचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा पुण्यात अजून रोलचेच दिवस होते. घरात यॅशिका नाहीतर कोडॅकचा साधा कॅमेरा असे, छत्तीस फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवून वापरला जाई आणि कोणता कॅमेरा चांगला, हे दुकानदार सांगेल ते. १९९७मध्ये निघालेलं ‘बेटर फोटोग्राफी’ मासिक ज्यांच्या हाती पडे, त्यांना थोडं अधिक कळे. पुढच्या पंचवीस वर्षांत परीक्षणांनी कॅमेऱ्यांचे इतके दोष दाखवले, की पुष्कळांच्या मनात विकत घेण्याआधीच कॅमेऱ्याविषयी किंतु शिरला. ते दोष बहुतेक खरे होते. पण ते नडले कोणाला?

हा हिशेब मांडायला पुण्यातली आमची धायरी बरी जागा आहे. खडकवासल्याला आणि सिंहगडाला जाणारी वाट धायरी फाट्यावरून पुढे जाते, त्यामुळे रविवारी पहाटे पाठीवर कॅमेऱ्याची बॅग टाकलेले दुचाकीस्वार इथून हमखास जाताना दिसतात. सिंहगड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांमुळे लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी मुलंही याच भागात राहतात. धारेश्वराच्या देवळाभोवतीचं गाव, रायकर मळा, बेनकर वस्ती, नंतर उभं राहिलेलं डीएसके विश्व आणि आजूबाजूच्या सोसायट्या असा हा पसारा ऑक्टोबर २०१७मध्ये महापालिकेत आला. छंद म्हणून फोटो काढणारा आणि धंदा म्हणून काढणारा इथे एकाच टपरीवर चहा पितो. परीक्षणं मात्र दोघांसाठी एकच लिहिली गेली.

२००३मध्ये कॅननचा ३००डी आला. सहा मेगापिक्सेल आणि अमेरिकेत हजार डॉलरच्या आतला पहिला डिजिटल एसएलआर. त्यावरची टीका अशी, की बॉडी प्लास्टिकची आहे आणि महागड्या मॉडेलमधल्या काही सोयी कंपनीने मुद्दाम काढून घेतल्या आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही रोल आणि धुलाईचा खर्च वाचणार म्हटल्यावर कितीतरी स्टुडिओवाले डिजिटलकडे वळले.

२००६च्या अखेरीस आलेल्या निकॉन डी४०ची गोष्ट निराळी, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. फोकसचे तीनच बिंदू आहेत, अशी एक तक्रार होती. नवशिक्याला ते कधी जाणवत नसे, कारण तो मधल्या बिंदूवर फोकस धरून फ्रेम हलवायला शिकत असे. दुसरी तक्रार, बॉडीत फोकसची मोटर नाही, ही मात्र आपल्याकडे जास्त बोचली. आपला नवा फोटोग्राफर किट लेन्सनंतर पहिली लेन्स घेई ती स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८डी. ती डी४०वर चढवली की ऑटोफोकस बंद! अंगणात खेळणाऱ्या पोरामागे हाताने फोकस फिरवत पळणं किती जणांना जमणार? मोटर असलेल्या स्वस्त लेन्स पुढे आल्या, ३५ एमएम २००९मध्ये आणि ५० एमएम २०११मध्ये. तोपर्यंत ज्यांनी परीक्षणातलं ते एक वाक्य वाचून कॅमेरा निवडला, त्यांचे पैसे वाचले. टीका सामान्य माणसाच्या कामी आल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

याच्या अगदी उलट कॅननची ५० एमएम एफ/१.८ टू. १९९०पासून विकली जाणारी, वजन १३० ग्रॅम, माउंटसुद्धा प्लास्टिकचा. परीक्षणांनी तिला सोडलं नाही. मोटर आवाज करते, कमी उजेडात फोकस चाचपडतो, पाचच पाती असल्याने मागचे दिवे पंचकोनी दिसतात, पडली तर दोन तुकडे होतात. एकही शब्द खोटा नव्हता. पण लग्नातले आणि बारशातले धूसर पार्श्वभूमीचे जे चेहरे त्या काळात आपल्या घरांतल्या भिंतींवर लागले, त्यांतले कितीतरी याच लेन्सचे. नवरीच्या मावशीने कधी पंचकोनी दिवे मोजले नाहीत. तिने डोळे पाहिले. २०१५मध्ये धातूच्या माउंटची आणि सात पात्यांची एसटीएम आवृत्ती आली, तेव्हा तक्रारी मिटल्या, फोटो तसेच छान राहिले.

२००८ हे वळणाचं वर्ष. त्या वर्षी निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क टू यांनी एसएलआरमध्ये व्हिडिओ आणला आणि डीएक्सओमार्क या संकेतस्थळाने सेन्सरला गुण द्यायला सुरुवात केली. डीपीरिव्ह्यूचे शेरेही पुढे टक्क्यांमध्ये आले. टक्के म्हटले की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. ७९ टक्क्यांचा कॅमेरा ८२वाल्यापुढे नापास वाटू लागला. हे गुण काढताना सेन्सर कसोशीने मोजला जाई, यात शंका नाही. फक्त ती मोजणी कोणत्या कामासाठी होती, हे वाचणाऱ्यापर्यंत पोचत नसे.

ते काम ताडून पाहायला अल्बमइतकं चांगलं साधन नाही. २०१४चा कॅनन १२००डी आणि २०१६चा १३००डी, दोन्ही १८ मेगापिक्सेलचे. सेन्सर जुना, फोकसचे बिंदू नऊ, सेकंदाला तीनच फोटो, अशी त्यांच्यावर टीका झाली. आता गणित करू. आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम बहुधा १२ बाय ३६ इंचांच्या शीटचा, म्हणजे एक पान १२ बाय १८चं. १८ मेगापिक्सेलचा फोटो ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलचा असतो. तो पूर्ण पानावर छापला तर इंचाला २८८ पिक्सेल मिळतात, आणि उत्तम छपाईसाठी ३०० पुरेसे मानले जातात. मांडीवर अल्बम घेऊन पाहणाऱ्या आजीला हा फरक दिसणं शक्य नाही. बाकीचे फोटो गेले व्हॉट्सअॅपवर. तिथे बरीच वर्षं मोठा फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसूनच पोचत असे. तेव्हा जुन्या सेन्सरवरची टीका धायरीतल्या बहुतेकांसाठी निरर्थक होती, असं मी स्पष्ट म्हणतो. सेकंदाला तीन फोटोंची मर्यादा मात्र खरी नडे, आणि तीही एकाच क्षणी : मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो आणि अक्षता उडतात, तेव्हा.

२०१७मध्ये कॅनन ६डी मार्क टूवर डायनॅमिक रेंजवरून जोरदार टीका झाली. कमी आयएसओवर सावल्या उजळताना हा कॅमेरा आपल्याच पूर्वजापेक्षा मागे पडत होता. सिंहगडावरून सूर्योदय टिपणाऱ्याला, जिथे आभाळ झगझगीत आणि दरी काळोखी असते, ही उणीव दिसू शकते. मंगल कार्यालयात आयएसओ ३२०० लावल्यावर तो फरक जवळजवळ उरतच नाही. टीका एक, कॅमेरा एक, आणि गडावरच्या माणसासाठी तिचं वजन वेगळं, कार्यालयातल्या माणसासाठी वेगळं.

सगळ्यात मोठा गदारोळ झाला २०१८मध्ये. ऑगस्टात निकॉनचे झेड ६ आणि झेड ७ आले, सप्टेंबरात कॅननचा ईओएस आर, आणि तिघांतही कार्डाचा खाचा एकच. सोनीच्या ए७ थ्रीमध्ये तोवर दोन होते. इथे माझं मत लग्नवाल्यांच्या बाजूने आहे. सप्तपदी पुन्हा घालता येत नाही. कार्ड बिघडलं तर पैसे परत देऊनही त्या घराचं नुकसान भरून येत नाही, आणि एकदा गेलेलं नाव फाट्यापासून नऱ्ह्यापर्यंत दोन दिवसांत पोचतं. त्यांच्यासाठी ही टीका मोलाची होती, आणि कंपन्यांनीही ती ऐकली : २०२०मध्ये झेड ६ टू दोन खाच्यांसह आला, कॅननचा आर६सुद्धा. पण त्याच टीकेमुळे मुलीच्या वाढदिवसाचे फोटो काढू इच्छिणाऱ्या एखाद्या बापाने चांगला कॅमेरा नाकारला असेल, तर ते वाईट झालं. त्याने फोटो त्याच रात्री लॅपटॉपवर उतरवले की त्याचा प्रश्न मिटत होता.

२०२०च्या जुलैमध्ये कॅनन आर५ आठ-के व्हिडिओ काढताना तापतो, यावर जगभर चर्चा चालली होती. त्या महिन्यांत आपल्याकडे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती पंचवीस माणसं आणि दोन तासांवर आली. कॅमेरे बॅगेत बंद, हप्ते चालू. तापणाऱ्या कॅमेऱ्याची चिंता करण्याच्या स्थितीत आमच्या भागातलं कोणीच नव्हतं.

काही गोष्टी परीक्षणांत हळूच येऊन गेल्या, पण इथे त्यांना फार महत्त्व होतं. आपली वीज ५० हर्ट्झची. साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. शटर वेगवान ठेवलं की एक फोटो पिवळट, दुसरा काळवंडलेला. कॅननने २०१४मध्ये ७डी मार्क टूमध्ये यावर उपाय आणला, पण क्षुल्लक सोय म्हणून ती मागच्या परिच्छेदात गेली. पुढे मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आलं आणि स्टेजवर एलईडीच्या माळा आल्या. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे नवरा-नवरीच्या तोंडावर पट्टे उमटू लागले. हे पट्टे नंतर सहज पुसता येत नाहीत. कार्यालयात फोटो काढणाऱ्यासाठी ही ओळ पहिल्या पानावर हवी होती.

आणि पावसाळा. परीक्षकाकडे कॅमेरा बहुधा कंपनीकडून काही आठवड्यांसाठी आलेला असतो. लेन्सला बुरशी धरायला मात्र एक दमट पावसाळा लागतो. जून-जुलैमध्ये पालखी दिवेघाट चढते तेव्हा कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून उभे असलेले फोटोग्राफर दरवर्षी दिसतात. त्यानंतर ओली बॅग कपाटात गेली, की दसऱ्याला काचेच्या आत पांढरे धागे. सिलिका जेल, हवाबंद डबा, आठवड्यातून एकदा उन्हाच्या जवळ पण उन्हात नाही असा ठेवलेला कॅमेरा, ही माहिती आपल्याला परीक्षणांनी दिली नाही, दुरुस्ती करणाऱ्यांनी दिली.

निकॉन डी६००चं प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. २०१२च्या सप्टेंबरात आलेल्या या कॅमेऱ्याचं सुरुवातीला कौतुक झालं. सेन्सरवर सतत कण साचतात, हे वापरणाऱ्यांनी ओरडून सांगितलं, आणि लेन्सरेंटल्स या भाड्याने सामान देणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्याकडचे अनेक कॅमेरे तपासून त्याला दुजोरा दिला. एक नमुना हाती असलेल्या परीक्षकाला जे दिसणं अवघड, ते अनेक नमुने रोज हाताळणाऱ्याला दिसलं. साधारण वर्षभराने डी६१० आला आणि २०१४मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या डी६००चंही शटर फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. कॅमेऱ्यात एखादी सोय कमी असणं आणि कॅमेराच सदोष असणं, यांतलं दुसरं सामान्य माणसाला बुडवतं, आणि ते कळायला महिने लागतात.

किमतीबाबतही परीक्षणांचा फारसा उपयोग नव्हता. जुलै २०१७मध्ये डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी लागला. १ जानेवारी २०१९पासून तो १८ टक्के झाला. आमच्याकडे कोणता कॅमेरा घ्यायचा हे त्या दहा टक्क्यांनी जितकं ठरवलं, तितकं कोणत्याही गुणपत्रिकेने नाही. बिल नसलेला स्वस्त माल घ्यायचा की वॉरंटीचा महाग, हा प्रश्नही परदेशी परीक्षणात कुठून येणार?

या काळात बाजारच ओसरला. २०१०मध्ये जगात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, २०२३मध्ये ते ऐंशी लाखांच्या आत आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डीपीरिव्ह्यू बंद करण्याचं अॅमेझॉनने जाहीर केलं. २००७पासून ते त्यांच्या मालकीचं होतं. जूनमध्ये गिअर पॅट्रोल या कंपनीने ते विकत घेतलं आणि ते वाचलं, याचा मला मनापासून आनंद झाला. सेन्सर, फोकस, शटर यांविषयी जे काही आपण शिकलो, त्यात या लोकांच्या कष्टाचा मोठा वाटा आहे.

आता एक विनंती. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे आणि त्याने किमान दोन पावसाळे पाहिले आहेत, त्यांनी मराठीत लिहावं. कोणती लेन्स बुरशीने गेली, कार्यालयाच्या दिव्यांत कोणता कॅमेरा पट्टे देतो, दुरुस्तीला किती दिवस लागले आणि किती पैसे, सुटे भाग पुण्यात मिळाले की मुंबईला पाठवावं लागलं. पान-दीड पान पुरे, सोबत स्वतः काढलेले चार फोटो आणि बॉडी-लेन्सचं नाव. धायरीतल्या पुढच्या मुलाला कॅमेरा घेताना नेमकं हेच वाचायचं आहे, आणि ते लिहू शकतील अशी माणसं इथेच, सिंहगड रस्त्यावर राहतात.