फड्या निवडुंगाचे शत्रू
निवडुंगावर वाढणाऱ्या पतंगांत सर्वांत नावाजलेला म्हणजे कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मादी काट्यावर एकावर एक अशी ७० ते ९० अंडी रचते; ही काडी दुरून काट्यासारखीच दिसते. अळ्या बाहेर पडल्या की सगळ्या मिळून एकाच जागी साल कुरतडतात. एकट्यादुकट्या अळीचे इथे काम नाही, फड्यातल्या चिकट रसात ती अडकून मरते. भोक पडले की सारा जमाव आत शिरून गर फस्त करतो. मोठ्या अळीचे अंग नारिंगी-तांबडे, त्यावर काळे पट्टे. फडा पोकळ होऊन लोंबला की अळ्या पुढच्या फड्यात शिरतात.

ऑस्ट्रेलियात सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन निवडुंगाने गिळली होती. १९२५ मध्ये हा पतंग अर्जेंटिनातून आणला आणि थोड्याच वर्षांत रान मोकळे झाले. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा इथे १९३६ मध्ये त्याच्या नावाने सभागृह उभे राहिले. किड्याचे असे स्मारक विरळाच.

सोलापूरच्या माळावर आणि बांधांवर फड्या निवडुंगाचा शत्रू म्हणून भेटतो तो पतंग नव्हे, कोचिनील. फड्यावर कापसाच्या बोंडाएवढे नव्हे, पण ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे पुंजके दिसतात. नखाने दाबले तर गडद किरमिजी रस निघतो. मेणचट कापसाखाली मादी सोंड रुतवून बसलेली असते; तिला पंख नसतात, एकदा बसली की ती हलत नाही. नुकती जन्मलेली पिल्ले वाऱ्यावर दुसऱ्या झाडावर जातात. जोराच्या पावसात ती धुऊन जातात, म्हणून सोलापूरसारखा कोरडा मुलूख या किड्याला मानवतो.

भारतात कोचिनील आला तो रंगाच्या लोभाने. १७९५ मध्ये ब्राझीलहून बंगालमध्ये आणलेली जात उत्तम रंग देणारी निघाली नाही, पण निवडुंगाच्या एका जातीचा तिने फडशा पाडला. इतर जातींना ती शिवेना. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात मुद्दाम आणली गेली आणि दक्षिणेतली निवडुंगाची बने झपाट्याने विरळ झाली.

दुष्काळात काटे भाजून गुरांना घातलेला निवडुंग आता बिनकाटी वाणांच्या रूपाने वैरण म्हणून लावला जातो. त्यांनाही धोका याच किड्यांचा. मोरोक्कोत २०१४ पासून कोचिनीलने निवडुंगाच्या बागा उजाड केल्या, आणि ऑस्ट्रेलियाचा उपकारकर्ता पतंग मेक्सिकोत शिरताच तिथल्या सरकारला तो हुडकून संपवावा लागला. लहान लागवडीत पांढरे पुंजके दिसताच तो फडा तोडून जाळणे सोपे पडते.