दोन सूर, दोन वाटा

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा कादंबऱ्याच लिहीत बसणार. मी मात्र नागपुरात, धंतोलीतल्या घरी, नातीची पाच रेघांची वही मागून घेतली आणि सूर लिहायला बसलो. बाखच्या (१६८५-१७५०) काळात युरोपात बहराला आलेली ही विद्या. नाव काउंटरपॉइंट. एका सुरावटीसमोर दुसरी सुरावट. दोन्ही एकाच वेळी चालणाऱ्या, पण दोघींची वाट वेगळी.

या नादाला लावलं एका सिनेगीतानं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघर पोचलं. त्या नावाचा खराच माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती शिदोरी घेऊन कितीतरी वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा ध्यास गोन्साल्विसांनी घेतला. १९५८ साली मुंबईत तसा जाहीर कार्यक्रमही केला. २०१२ साली ते गेले. म्हटलं, त्यांनी जे केलं ते निदान समजून तरी घ्यावं.

पुस्तक मिळालं तेही गुरुशिष्य-संवादाचं. व्हिएन्नाच्या फुक्सनं १७२५ साली लॅटिनमध्ये लिहिलेलं. हायडनसारखा मोठा संगीतकार त्यावरून स्वतःच शिकला. पहिला धडा सोपा वाटतो: दिलेल्या प्रत्येक सुरासमोर एक सूर लिहायचा. पण नियम पाहा! आपला तानपुरा षड्ज-पंचमावर उभा. इथे मात्र दोन सुरावटी पंचमाचं अंतर राखून सोबत सरकल्या की चूक. कारण मग दुसरी ही पहिलीची सावली होते. तिचं स्वतःचं म्हणणं उरत नाही.

फ्यूगमध्ये हेच विस्तारानं. एक आवाज विषय मांडतो. दुसरा तोच विषय पंचमावरून उचलतो. पण पहिला गप्प बसत नाही, वेगळं काही बोलत राहतो. मग तिसरा येतो. सारे एकदम बोलतात, आणि तरी प्रत्येकाचं ऐकू यावं लागतं.

मी भूपातली छोटी सुरावट घेतली आणि शेवटाशी अडलो. समाप्तीला एका आवाजानं रिषभावरून, दुसऱ्यानं शुद्ध निषादावरून षड्जावर यायचं, हा तिथला रिवाज. भूपात तर निषाद वर्ज्य! तीन दिवस खाडाखोड केली. अखेर निषाद लिहिला आणि पत्नीला ऐकवलं.

"अहो, चांगलं आहे," ती म्हणाली, "पण हा भूप राहिला नाही."

ती गाणं शिकत होती. माझ्या बदल्या सुरू झाल्या, गावं बदलत गेली आणि तिची शिकवणी सुटली. सुटली तेव्हा मी विचारलंही नव्हतं. ती निमूट सोबत आली, आणि मी त्याला आमचं जमलंय असं समजत राहिलो.

मी वही तिच्यापुढे सरकवली. "वरची ओळ तू कर. तुला हवी तशी."

आता संध्याकाळी ती वरची ओळ गाते, मी खालची. माझी अजून चुकते. तिची मात्र ऐकू येते.