अंदाजपत्रक आणि संपाचा हक्क

अंदाजपत्रक म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचा कोरडा कागद, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वर्तमानपत्रांत तें छापून आलें म्हणजे काय महाग झालें व काय स्वस्त झालें एवढें आपण पाहतों आणि पान उलटतों. कामगारांच्या संघटनेचा कायदा ही तर त्याहूनही परकी वस्तु. ती वकिलांनीं आणि पुढाऱ्यांनीं पाहावी. परंतु श्रोतेहो, हे दोन कागद एकाच मंत्रिमंडळाच्या मेजावर, थोड्या महिन्यांच्या अंतरानें तयार झाले असतील, तर ते शेजारीं ठेवून वाचावे. सुटा वाचतांना जो हेतु दिसत नाहीं, तो मग दिसूं लागतो.

२०११ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीं असे दोन कागद एकत्र शिवूनच पुढें ठेवले. तेथील गव्हर्नर लोकांनीं निवडलेला असतो. आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जागीं त्याला कल्पावें. तिजोरींत तूट आहे, म्हणून अंदाजपत्रकाची दुरुस्ती करावयाची आहे, असें त्यांनीं सांगितलें. आणि त्या दुरुस्तीच्या विधेयकांतच सरकारी नोकरांच्या युनियनांचे बहुतेक हक्क काढून घेतले. पगारांतून वर्गणी कापून देणें बंद झालें. दरवर्षीं मतदान घेऊन युनियननें आपलें अस्तित्व पुन्हां सिद्ध करावें, असें ठरलें. पेन्शनचा व आजारविम्याचा अधिक वांटा उचलण्याची तयारी युनियनांनीं दाखविली, तरी तीं कलमें मागें घेतलीं गेलीं नाहींत. पोलीस आणि आग विझविणारे नोकर यांना मात्र वगळण्यांत आलें. तूट पैशांची होती आणि पैसे मिळत होते. मग वर्गणीवर घाव कशासाठीं? या युनियनांचा पैसा व माणसें निवडणुकींत विरोधी पक्षाच्या बाजूस उभीं राहत, हें टीकाकारांचें उत्तर सहज खोडून काढतां येण्याजोगें नव्हतें.

मुंबई इलाख्यानें अशी जोडी त्याच्या ७३ वर्षें आधीं पाहिली होती, आणि ती मांडणारीं माणसें अगदीं निराळ्या मुशींतलीं होतीं. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ च्या आरंभीं निवडणुका झाल्या. जुलै १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांनीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ बनविलें. गृहखातें कन्हैयालाल मुनशी यांजकडे आणि अर्थखातें अण्णासाहेब लठ्ठे यांजकडे आलें. मंत्र्यानें दरमहा ५०० रुपयांवर पगार घेऊं नये, असा काँग्रेसचा दंडक होता व तो पाळला गेला. वर गव्हर्नर सर रॉजर लम्ले होतेच. सरकारी कर्जाचें व्याज, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचे पगार, सनदी अधिकाऱ्यांचे पगार, या रकमांवर विधिमंडळाला मत देतां येत नव्हतें. तिजोरीची किल्ली लोकांच्या मंत्र्यांना मिळाली खरी, पण पेटींतले कांहीं खण आधींच कुलूपबंद करून मग ती देण्यांत आली होती.

अशा तंग स्थितींत मंत्रिमंडळानें दारूबंदीचा संकल्प सोडला. तीन वर्षांत दारू बंद करावी, असा काँग्रेस कार्यकारिणीचा आदेश होता. अबकारीचें उत्पन्न म्हणजे प्रांताच्या एकंदर उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा. तो सोडावयाचा, तर भर कोठून आणावयाची? जमीनमहसूल वाढविणें अशक्य होतें. खानदेशांतील फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेस भरली, तेव्हां शेतकऱ्याचा भार हलका करण्याचें वचन तिनें दिलें होतें. आणि मताधिकार मालमत्तेवर बेतलेला असल्यामुळें सारा भरणारा शेतकरी हाच काँग्रेसचा मोठा मतदार होता. तेव्हां १९३९ सालीं लठ्ठे यांनीं शहरांतील स्थावर मिळकतींवर कर बसविला. मुंबईंत तो वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के होता. ता. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली.

दारूबंदीमागें ढोंग होतें, असें मी म्हणणार नाहीं. पगाराच्या दिवशीं गुत्त्याच्या दारांत नवऱ्याची वाट अडविणाऱ्या बाईला विचारलें असतें, तर तिनें लठ्ठे यांना दुवाच दिला असता. पण पुण्यकर्माचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हा निर्णय राजकीय असतो. मुंबईंतील पारशी व मुसलमान घरमालकांनीं या कराविरुद्ध मोठा गिल्ला केला. हे लोक काँग्रेसच्या मतांचा आधार नव्हते. हिंदु घरमालकही कर भरीत होते, हें विसरूं नये. तथापि ज्यांच्या रागानें मंत्रिमंडळ पडणार नव्हतें, अशांच्याच माथीं मुख्य बोजा आला, एवढें दिसतें. डॉ. आंबेडकर यांनीं विधिमंडळांत निराळाच मुद्दा काढला : हातचें एवढें उत्पन्न सोडण्यापूर्वीं शिक्षणाकडे पाहावयास नको काय? त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सरकारी बांकांवरून आलें नाहीं.

आतां दुसरा कागद. तो काळानें थोडा आधींचा आहे. सप्टेंबर १९३८ मध्यें औद्योगिक तंट्यांचें विधेयक असेंब्लींत आलें. हेतु म्हणून सांगितला तो शांततेचा. तंटा उपस्थित झाल्यास आधीं नोटीस द्यावी, मग समेटाच्या पायऱ्या चढाव्या, त्या पुऱ्या होईपर्यंत संपही नको आणि टाळेबंदीही नको. मध्येंच केलेला संप बेकायदा व शिक्षेस पात्र. ऐकावयास हें वाजवी वाटतें. १९२८ च्या सार्वत्रिक संपांत सहा महिने गिरण्या थंड पडल्या होत्या. त्या दिवसांत गिरणगांवांतल्या घरांनीं काय सोसलें तें ज्यांना ठाऊक होतें, त्यांना समेटाची कल्पना सहज पटली असेल.

पण विधेयकाचें मर्म नोटिशींत नव्हतें. तें युनियनच्या नोंदणींत होतें. मालकाची मान्यता असेल, तर शेंकडा ५ कामगार सभासद असले तरी युनियनची नोंद होई. मालकाची मान्यता नसेल, तर शेंकडा २५ सभासद दाखवावे लागत. एकाच गिरणीच्या दोन दरवाजांवर दोन मापें! ज्या युनियनवर मालकाची मर्जी, तिला पांचांत काम भागतें. जिच्यावर इतराजी, तिला पंचवीस. त्या काळीं पंचवीस जमविणें किती कठीण, हें जॉबरच्या हाताखालीं राबलेल्या कोणत्याही बदली कामगारानें सांगितलें असतें.

ही कल्पना आली कोठून? मजूरखात्याच्या बाबतींत पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून काम करणारे गुलझारीलाल नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनांतून आलेले. गांधीजी व अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेनें उभी राहिलेली ती संघटना संपापेक्षां लवादावर विश्वास ठेवणारी होती, आणि अहमदाबादेंत तिनें कामगारांचें हित केलें, हें नाकारतां येत नाहीं. मुंबईची गोष्ट वेगळी होती. येथें लाल बावटा होता, आणि १९३६ पासून डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्षही होता. अहमदाबादचा साचा मुंबईवर बसविला, म्हणजे समेट वाढेल हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं काँग्रेसला न मानणाऱ्या युनियना कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहतील. माझ्या मतें हा दुसरा हेतु गौण नव्हता.

याचें कारण समजण्यास खाडी ओलांडून इकडे, मी बोलतों आहें त्या करंजाड्याकडे आलें पाहिजे. आज येथें सिडकोच्या इमारतींच्या ओळी आहेत. तेव्हां हें कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतील खेडें होतें. कोंकणांतील शेतकरी व गिरणगांवांतील कामगार हे पुष्कळदां एकाच घरांतले दोन भाऊ असत : एक खाचरांत, एक साच्यावर. ता. १० जानेवारी १९३८ रोजीं कुलाबा, रत्नागिरी व ठाणें या जिल्ह्यांतील हजारों शेतकरी खोती नष्ट करा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखालीं मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्च्यांत लाल बावट्याचीं माणसेंही होतीं. गांवचें कूळ आणि शहरचा कामगार एका निशाणाखालीं येऊं लागले होते, आणि तें निशाण काँग्रेसचें नव्हतें. विधेयक आलें तें यानंतर आठ महिन्यांनीं.

असेंब्लींत जमनादास मेहता आणि डॉ. आंबेडकर यांनीं त्यावर कडाडून हल्ला केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास भाग पाडणें म्हणजे गुलामगिरी, आणि संप हें स्वातंत्र्याच्या हक्काचेंच दुसरें नांव, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा सारांश होता. ता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्ष व ट्रेड युनियन काँग्रेस यांनीं मिळून मुंबईंत एक दिवसाचा संप घडविला. परस्परांवर एरवीं कठोर टीका करणारे आंबेडकर व डांगे त्या दिवसापुरते एका बाजूस उभे राहिले. पोलिसांनीं गोळीबार केला, माणसें जखमी झालीं. ज्यांचीं माणसें काल परवां तुरुंगांतून सुटलीं होतीं, त्यांच्याच राजवटींत ही गोळी सुटली, ही गोष्ट गिरणगांव लवकर विसरला नाहीं. विधेयक त्याच वर्षीं कायदा झालें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. नोव्हेंबर १९३९ मध्यें खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरांच्या हातीं गेला. त्यांच्या राजवटींत दारूबंदी सैल पडली. मिळकतकराला सर बैरामजी जीजीभाई यांनीं हायकोर्टांत आव्हान दिलें होतें. कोर्टानें कर कायदेशीर ठरविला. ज्या कारणासाठीं कर आला तें कारण ढिलें झालें, कर मात्र राहिला. असें अंदाजपत्रकांच्या इतिहासांत नेहमींच घडतें. कामगार-कायदाही राहिला, एवढेंच नव्हे तर १९४६ सालीं खेर यांच्याच दुसऱ्या राजवटींत त्याची अधिक विस्तृत आवृत्ति निघाली. तिच्यांत प्रातिनिधिक युनियनला कामगारांच्या वतीनें बोलण्याचा हक्क देण्यांत आला. मुंबईच्या गिरण्यांत तें स्थान काँग्रेसच्या छायेंतील राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालें.

त्याची किंमत १९८२ सालीं कळली. ता. १८ जानेवारीपासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणीही त्यांनीं केली होती. साऱ्या गिरणगांवाचे पाय सामंतांच्या मागें चालत होते, पण कायद्याच्या कागदावर कामगारांचा प्रतिनिधि संघच होता. त्यामुळें ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला अधिकार नाहीं आणि ज्याला अधिकार आहे त्याच्यामागें कामगार नाहीं, असा पेंच पडला. संप रीतसर कधीं मिटलाच नाहीं. अनेक गिरण्या पुन्हां उघडल्या नाहींत आणि पुढें त्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना म्हाडानें सोडतीनें जीं घरें दिलीं, त्यांतलीं कांहीं पनवेलजवळ कोन येथें आहेत. करंजाड्याहून तें गांव दूर नाहीं.