इसापूरचे पक्षी आणि काठावरची गावं

पर्यटनाचा पैसा आणि पर्यटनाचे नियम, दोन्ही गावाच्या हातात आले की वन्यजीवांची राखण गावच करतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं हे सिद्ध केलं आहे. आता पैनगंगाकाठानं ते करायला हवं.

पैनगंगेवरच्या इसापूर धरणानं हिंगोली आणि नांदेडच्या शिवारांत पाणी खेळवलं. कळमनुरी तालुक्याला लागून पसरलेल्या या जलाशयाला पुढं पक्षी अभयारण्याचा दर्जाही मिळाला. हिवाळ्यात मध्य आशियाच्या उड्डाणमार्गानं येणारे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक मराठवाडा-विदर्भातल्या अशाच जलाशयांवर उतरतात. पण ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली, त्यांच्या पदरात पक्ष्यांमुळं काय पडतं? अभयारण्य टिकणार की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल.

वेळासनं काय केलं?

रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. ही अंडी सर्रास उकरून नेली जात. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. घरट्यातली अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवायची, दीड-दोन महिने राखायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची, अशी ही पद्धत.

2006 पासून पिल्लं समुद्रात जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सव भरू लागला आणि कामाला बळ आलं. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच पंगतीत जेवतात. त्यामुळं मुक्कामाचा आणि जेवणाचा पैसा थेट घरात येतो. अंडं विकून एकदाच चार पैसे मिळत. पिल्लू समुद्रात गेलं तर दरवर्षी पाहुणे येतात. हा हिशेब गावाला पटला.

जलाशयावर हे जमेल?

जमेल. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारी करणारी माणसं रोहित पक्षी पाहायला आलेल्यांना आपल्या होडीतून नेतात. पाणी कुठं उथळ झालं, पक्षी कधी कुठं चरतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मात्र होडी फार जवळ गेली की थवा उठतो. परतीच्या प्रवासासाठी साठवायची ताकद अशा उड्डाणांत खर्च होते. म्हणून इसापूरला नियम आधी ठरावेत आणि होड्या नंतर सुटाव्यात. अभयारण्यात प्रवेशालाही वन विभागाची परवानगी लागते, तेव्हा काठावरच्या ग्रामसभांनी विभागाशी लेखी करार करावा. होड्या किती, पाळी कोणाची, थव्यापासून अंतर किती, दर काय, गावाच्या निधीत किती जमा करायचं, हे सारं त्यात असावं. जेवणाचं काम बचत गटांकडं द्यावं. हिंगोलीचं पिठलं-भाकरी आणि ठेचा पाहुण्यांना पुरेसं आहे. वाटाड्याचं प्रशिक्षण गावातल्याच तरुण मुला-मुलींना मिळावं.

हिंगोली जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव इथं राज्यभरातून भाविक येतात. त्यातल्या काहींचा एक मुक्काम जलाशयाकाठी वाढला, तरी हंगामी रोजगार उभा राहील. पण बाहेरच्या माणसानं काठ विकत घेऊन रिसॉर्ट थाटलं, तर गावकरी तिथं फक्त वाढपी उरेल आणि पक्ष्यांसाठी भांडायला कोणी राहणार नाही. म्हणून पहिला ठराव ग्रामसभेचा हवा आणि तो पर्यटकांची गर्दी सुरू होण्याआधीच व्हायला हवा.